श्वास धरा

थोरल्या दवाखान्यात, खोली नंबर नऊ.
सव्वीस वर्षं मी एकच वाक्य म्हणत आलेय :
श्वास घ्या. धरा. हलू नका.
मग शिशाच्या काचेआड जाऊन बटण.
मग, सोडा.

शिरोलीच्या फौंड्रीतले, गंगावेशीतले,
राधानगरीकडून पहाटेच्या एस.टी.नं आलेले,
सगळ्यांनी माझ्या शब्दावर छाती थांबवलीय.
कागदावर वर ‘क्ष-किरण विभाग’, खाली पेन्सिलीनं ‘क्षय?’
दोन्हीचं पहिलं अक्षर एक.
एक बघणारं, दुसरं खाणारं,
असं मी धरून चालले होते.

जानेवारीत रेवणसिद्ध आला, माझा भाचा,
विद्यापीठात कुठल्याशा ताऱ्याचे आकडे चाळतो.
चिखलीच्या गुऱ्हाळावर बसलो होतो रात्री,
काहिलीवर वाफ, भेंडीच्या पाण्याचा वास,
मळी वर आली की बाळगोंडा झाऱ्यानं ओढून घेत होता.
“आत्ती, तुझं मशीन वरपण आहे,” रेवण म्हणाला,
“बंद न होणारं.”

तो ग्रह ताऱ्याला इतका खेटून, की त्याचं वर्ष
आपल्या तीन दिवसांत संपतं.
साधा उजेड खोलवर जातो, ऊब देऊन बसतो.
क्ष-किरण मात्र वरच अडकतात,
अगदी वरच्या, विरळ थरात.
असतात चिमूटभरच.
पण ती चिमूट पडते तिथली हवा
हजारो अंशांवर तापते
आणि ग्रहाचा हात सोडून निघते.
हलकी आधी.
जाताना जडालाही मनगटाला धरून नेते.

“किती?” मी विचारलं. सवयीनं. आमच्यात डोस विचारतात.
“सेकंदाला दहा हजार टन, धर.”
बाळगोंडानं झारा थांबवून हिशेब केला :
“म्हंजी उसाचं पाचशे ट्रॅक्टर.
सेकंदाला.
आणि कुटल्या कारखान्याला जातंय म्हणं?”
रेवण हसला. मग हसायचा थांबला.
“कुठंच नाही. मागं शेपूट राहतं फक्त.”
आम्ही तिघंही वाफेकडं बघत राहिलो,
ती छपराच्या फटीतून उसाच्या फडावर जात होती.

माझ्या कोटाला बिल्ला असतो,
तीन महिन्यांनी मोजायला जातो,
किती लागलं ते कागदावर येतं.
त्या ग्रहाला बिल्ला कुणी लावायचा.

“कायम असंच?” 
“नाही गं. तारा तरणा असतो तेव्हाच जोर.
गरागरा फिरतो, भडकतो.
वय झालं की निवळतो.
पण तोवर जवळच्याचं जायचं ते गेलेलं असतं.
लांबच्यांना पत्ताही नसतो.
त्यांना तो चांगलाच वाटतो.”

मी काही बोलले नाही.
त्यानं आजोबा फक्त निवळलेले पाहिलेत :
शाहूपुरीच्या दुकानात ओट्यावर बसून
येणाऱ्याजाणाऱ्याला खडीसाखर देणारे.
गल्ली अजून म्हणते, देवमाणूस.

आईचा एक्स-रे मीच काढला होता, खोकल्यासाठी.
श्वास घे, आई. धर.
फिल्म उजेडाला लावली तर
फुप्फुसं स्वच्छ,
आणि डाव्या बाजूला, सहाव्या-सातव्या बरगडीवर
जुन्या, सांधलेल्या रेघा.
मी चार वर्षांची असेन तेव्हाच्या.
रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही.
मी लिहिला नाही.
ती पदर सारखा करत म्हणाली, “झालं का गं?
सोडू?”

गूळ उतरला. बाळगोंडानं ढेपेचा कोपरा मोडून दिला,
हाताला चटका बसला तरी मी धरून ठेवला.
रेवण सांगत होता, सगळी हवा गेल्यावर
तिथं खडक उरतो नुसता,
आणि तो फिरत राहतो, तसाच खेटून,
तीन दिवसांत एक फेरी.
“त्याला खडकच म्हणायचं का?” मी विचारलं.
“गाभा म्हणतात,” तो म्हणाला,
आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.